बर्गमन बघण्याआधी बर्गमन वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते चित्र येतं. दगडाळ समुद्रकिनारा, काळा झगा, पिठासारखा पांढरा चेहरा, समोर थकलेला एक योद्धा आणि दोघांच्या मध्ये बुद्धिबळाचा पट. वर कुणीतरी ओळ डकवलेली असते: 'सोमवारी सकाळी मी आणि साहेब'. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते आलं, पाण्याच्या टँकरच्या भांडणात मध्येच, तेव्हा एका काकांनी विचारलं, "हा काळ्या झग्यातला कोण? यम का?"

यमच. चित्रपट 'द सेव्हन्थ सील', साल 1957, दिग्दर्शक स्वीडनचा इंगमार बर्गमन. हे कळल्यावर काकांचा पुढचा प्रश्न होता, "बघण्यासारखा आहे का? की ते आपलं आर्ट फिल्मवालं?"

प्रश्न रास्त आहे. बर्गमनचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं आणि बहुतेकांना त्याची थोडी धास्ती असते. मीही कॉलेजात असताना पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला लाकडी खुर्चीवर बसून त्याच्या सिनेमात गाढ झोपलो होतो. जाग आली तेव्हा पडद्यावर एका बाईचा चेहरा होता. पुन्हा डोळा लागला. पुन्हा जाग आली, तरी तोच चेहरा. आजूबाजूचे लोक इतक्या गंभीरपणे बघत होते की आपल्यातच काही कमी आहे, अशी खात्री करून मी घरी आलो.

पुष्कळ वर्षांनी त्याचं आत्मचरित्र हातात पडलं आणि दार उघडलं. कारण बर्गमन आधी लिहिणारा माणूस होता. 1943 साली तो सिनेमात शिरला तो एका स्टुडिओच्या कथा विभागातला पगारी लेखक म्हणून. दुसऱ्यांच्या पटकथा घासूनपुसून देणं, हे त्याचं काम. पडद्यावर कोड्यासारखं वाटणारं बरंच काही त्याने कागदावर सरळ सांगून ठेवलंय.

आधी घर

इंगमार बर्गमनचा जन्म 14 जुलै 1918चा, उप्साला या विद्यापीठाच्या गावातला. वडील एरिक बर्गमन ल्यूथरन धर्मगुरू होते. ल्यूथरन म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीतून निघालेला प्रॉटेस्टंट पंथ; स्वीडनमध्ये त्या काळी तो सरकारी धर्म होता. या पंथाच्या धर्मगुरूला लग्न करता येतं, संसार करता येतो. पण तो संसार चव्हाट्यावरचा असतो. घर चर्चचं, दारावरची घंटा कुणीही कधीही वाजवणार, आणि धर्मगुरूची मुलं कशी वागतात याकडे अख्ख्या वस्तीचं लक्ष. आपल्याकडे मुलगा ज्या शाळेत शिकतो तिथेच बाप हेडमास्तर असला की त्या मुलाचं जे होतं, तेच चोवीस तास. वडील पुढे राजाच्या दरबाराचे धर्मगुरू झाले, म्हणजे डोळे आणखी वाढले.

आई कारिन शिकलेली परिचारिका, तल्लख आणि हट्टी. थोरला भाऊ डाग, धाकटी बहीण मार्गारेटा. चूक झाली की या घरात तिचा रीतसर निवाडा व्हायचा. आधी गुन्हा कबूल करायचा, मग वडिलांच्या खोलीत जायचं. तिथे गालिचा झोडपायच्या वेताने किती फटके खायचे ते ठरायचं. फटके खाऊन झाले की वडिलांच्या हाताचं चुंबन घ्यायचं, मग क्षमा मिळायची. चड्डी ओली केली तर दिवसभर लाल परकर घालून फिरायचं.

यातला मार विशेष नाही. तो आपल्याकडच्या कितीतरी घरांत होता. मारणाऱ्या हाताचं चुंबन घेणं ही गोष्ट मात्र मला वाचल्यापासून सोडत नाही. आणि बर्गमनलाही तिने जन्मभर सोडलं नाही. 'फॅनी अँड अलेक्झांडर' (1982) मध्ये बिशप सावत्र बाप लहानग्या अलेक्झांडरला शिक्षा करतो तो प्रसंग बघा. कबुली, वेत, माफी, सगळं तिथे येतं.

कपाट आणि शिसाचे शिपाई

दुसरी एक शिक्षा होती: अंधाऱ्या कपाटात कोंडणं. आत एक छोटा प्राणी राहतो आणि वाईट मुलांच्या पायाची बोटं कुरतडतो, असं त्याला सांगितलेलं. बर्गमन लिहितो की त्याने यावर तोड काढली. लाल आणि हिरवा प्रकाश देणारी एक बॅटरी त्याने कपाटात लपवून ठेवली. कोंडलं की ती लावायची, उजेडाचा गोल भिंतीवर पाडायचा आणि आपण सिनेमाला आलोय असं समजायचं.

मग एक नाताळ आला. श्रीमंत मावशीने पाठवलेल्या भेटींत एक छोटं सिनेमा दाखवायचं यंत्र होतं, पण ते थोरल्या भावासाठी. इंगमार टेबलाखाली जाऊन रडला. रात्री त्याने सौदा केला: आपले शंभरएक शिसाचे शिपाई भावाला द्यायचे आणि यंत्र घ्यायचं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन तो मुलांच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात शिरला (पुन्हा कपाटच), साखरेच्या खोक्यावर यंत्र ठेवलं, दिवा पेटवला आणि चुना लावलेल्या भिंतीवर झोत टाकला. दांडा फिरवला. कुरणात झोपलेली एक मुलगी उठली, तिने हात ताणले आणि ती चौकटीबाहेर निघून गेली. फिल्मचा तुकडा जेमतेम तीन मीटरचा. त्याने तो पुन्हा पुन्हा फिरवला.

1987 साली आलेल्या आत्मचरित्राचं नाव त्याने 'लॅटर्ना मॅजिका' ठेवलं, म्हणजे जादूचा कंदील. काचेवरच्या चित्रांतून प्रकाश सोडून ती पडद्यावर मोठी दाखवायचं हे सिनेमाच्या आधीचं यंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने त्याचेच खेळ केले होते.

या यंत्राबद्दल बर्गमनचा एक हिशेब मला फार आवडतो. तो लिहितो, मी तासाभराचा चित्रपट पाहतो तेव्हा त्यातली 27 मिनिटं पूर्ण अंधारात बसलेलो असतो. ते कसं? फिल्म म्हणजे स्थिर चित्रांची माळ. सेकंदाला 24 चित्रं झोतासमोर येऊन थांबतात. एक चित्र जाऊन दुसरं येतं तेवढा वेळ एक फिरती पाती झोत अडवते, नाहीतर पडद्यावर नुसते ओघळ दिसले असते. त्या पातीला शटर म्हणतात. डोळ्याला तो अंधार कळत नाही. शाळेत वहीच्या कोपऱ्यात माणूस काढून पानं भरभर सोडली की तो पळायला लागायचा, तीच युक्ती. म्हणून बर्गमन म्हणायचा की सिनेमा दाखवताना मी फसवणूकच करत असतो; माणसाच्या डोळ्यातल्या एका उणिवेवर माझं पोट चालतं. कपाटात बॅटरी लावून स्वतःला फसवणाऱ्या मुलाने मोठेपणी म्हटलेलं हे वाक्य आहे.

तो लिहायचा कसा?

पटकथा म्हटलं की आपल्याला 'दृश्य 14, बाहेरचं, दिवस' असला कोरडा कागद डोळ्यासमोर येतो. बर्गमनच्या पटकथा तशा नाहीत. त्या गोष्टीसारख्या वाचता येतात. 'क्राइज अँड व्हिस्पर्स' (1972) ची पटकथा तर त्याने सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. लाल खोलीत पांढऱ्या कपड्यांतल्या बायका कुजबुजताहेत, हे चित्र आपला पिच्छा सोडत नाही, लहानपणापासून आत्म्याचा आतला भाग आपल्याला ओलसर लाल पडद्यासारखा वाटत आलाय, असं तो त्यात सांगतो. म्हणजे त्या सिनेमातल्या रक्तासारख्या लाल भिंतींचा 'अर्थ काय' हे समीक्षकाला विचारायची गरज नाही. लेखकाने पत्राने कळवलंय.

सिनेमा सुचतो कसा, यावर त्याने दिलेली उपमा शिवणकामातली आहे. मनाच्या तळाशी एक काळोखी पिशवी आहे आणि तिच्यातून रंगीत दोऱ्याचं एक टोक बाहेर आलेलं आहे. ते घाई न करता, हलक्या हाताने गुंडाळत गेलं तर अख्खा चित्रपट बाहेर येतो. ओढलंत तर तुटतो. टोक कशाचंही असेल: कानावर पडलेलं वाक्य, संगीताचे दोन-चार सूर, रस्त्यावर तिरका पडलेला उजेड. पिवळ्या, रेघांच्या कागदांच्या वह्यांत तो हाताने लिहायचा. रोज सकाळी, ठरलेल्या वेळी, सुचो न सुचो.

बुद्धिबळवाल्या यमाचं टोक कुठलं, हेही ठाऊक आहे. वडील आसपासच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये प्रवचनाला जायचे तेव्हा हा मुलगा बरोबर असायचा, आणि प्रवचनाचा कंटाळा आला की भिंतींवरची जुनी चित्रं बघत बसायचा. मध्ययुगातल्या त्या चित्रांत सैतान, देवदूत, मृत्यू सगळे. स्टॉकहोमजवळ टेबी इथल्या चर्चच्या छतावर पंधराव्या शतकातल्या आल्बर्टस पिक्टर या चित्रकाराने काढलेला मृत्यू खरोखरच एका माणसाशी बुद्धिबळ खेळतोय. माल्मोच्या नाट्यगृहात असताना बर्गमनने नाट्यविद्यार्थ्यांच्या सरावासाठी एक छोटी एकांकिका लिहिली, 'ट्रेमोलनिंग', म्हणजे लाकडावरचं चित्र. तिचाच पुढे 'सेव्हन्थ सील' झाला. चित्रीकरण 35 दिवसांत उरकलं.

शेवटचं ते प्रसिद्ध दृश्य, टेकडीवरून हातात हात धरून मृत्यूमागे नाचत निघालेली माणसांची रांग, तेही गंभीर चर्चा करून ठरवलेलं नाही. होव्हस हालार या किनाऱ्यावर दिवसाचं काम संपलं होतं, बरेच नट निघून गेले होते. अचानक आकाशात एक विलक्षण ढग दिसला. मग तंत्रज्ञांना आणि हवा खायला आलेल्या एक-दोन पर्यटकांना झगे चढवले, त्यांना नाचायला लावलं आणि ढग विरायच्या आत चित्रण उरकलं. त्या सावल्यांवर जगभर प्रबंध लिहिले गेलेत आणि त्यातल्या काही सावल्या सुट्टीवर आलेल्या माणसांच्या आहेत.

'देवाचं मौन' हे काय प्रकरण आहे?

बर्गमनवरच्या कुठल्याही लेखात हे दोन शब्द येतातच, आणि तिथेच वाचक पान उलटतो. सोपं करून सांगायचं तर असं: एखादं माणूस फोन करतंय. पलीकडे घंटा वाजतेय, कुणी उचलत नाही. नंबर चुकीचा आहे, की माणूस घरात नाही, की घरात आहे आणि उचलत नाहीये? नास्तिक म्हणेल, फोन ठेव, त्या नंबरवर कुणी राहतच नाही. भाविक म्हणेल, वाजू दे, उचलेल. बर्गमनची माणसं रिसीव्हर कानाला लावून उभी आहेत. त्यांना ठेवताही येत नाही आणि वाट बघणंही असह्य झालंय. 'थ्रू अ ग्लास डार्कली' (1961), 'विंटर लाइट' (1963) आणि 'द सायलेन्स' (1963) हे तीन चित्रपट या एका अवस्थेबद्दल आहेत.

यातला मधला मला सगळ्यांत जवळचा. एका खेड्यातला धर्मगुरू, सर्दी-तापाने बेजार, श्रद्धा आटलेली, चर्चमध्ये मोजकी चार डोकी. याच्या तयारीसाठी बर्गमन आणि छायालेखक स्वेन निक्विस्ट हिवाळ्यातल्या चर्चमध्ये तासन्तास नुसते बसून राहिले आणि खिडकीतून येणारा उजेड दर थोड्या वेळाने कसा बदलतो ते टिपत राहिले. त्या सिनेमात सावल्या जवळपास नाहीतच. ढगाळ दुपारचा तो एकसारखा राखाडी उजेडच तिथे 'मौन' आहे. वेगळं प्रतीक शोधायला नको.

शेवट कसा करायचा हे मात्र त्याला सापडत नव्हतं. तो वडिलांना घेऊन उप्सालाच्या आसपासची चर्च बघत फिरत होता. एका रविवारी एका लहान चर्चमध्ये ते बसले. थोडेसे लोक जमलेले. तिथला धर्मगुरू उशिरा आला आणि म्हणाला, मी आजारी आहे, आज प्रार्थना आटोपती घेऊ, प्रभुभोजनाचा विधी होणार नाही. म्हातारे एरिक बर्गमन अस्वस्थ झाले, उठले, काठी टेकत आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळाने सेवकाने येऊन सांगितलं की विधी होईल, पाहुणे धर्मगुरू मदत करणार आहेत. आणि वडील पांढरा झगा घालून वेदीपाशी उभे राहिले. चित्रपटाचा शेवट त्याला तिथे मिळाला: काहीही होवो, तुला विधी पार पाडायचाच आहे. पडद्यावर तो थकलेला धर्मगुरू जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू करतो, आणि चित्रपट संपतो.

मारणारे वडील आणि हे वडील एकच आहेत. पुढे याच्याकडेच यायचंय.

"पण सगळंच रडकं असतं ना?"

नाही. त्याला पहिल्यांदा जगभर ओळख मिळाली ती 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट' (1955) या चक्क विनोदी, जोड्या जुळवण्या-मोडण्याच्या चित्रपटामुळे. कान महोत्सवात त्याला 'काव्यात्म विनोदा'साठी पारितोषिक मिळालं. स्टुडिओने तो तिथे पाठवलाय हे दिग्दर्शकालाच माहीत नव्हतं. बातमी त्याने शौचालयात बसून वर्तमानपत्रात वाचली, असं त्यानेच सांगितलंय. त्याआधी 1951 मध्ये करमणूक कराविरोधात निर्मात्यांनी स्टुडिओ बंद ठेवले तेव्हा घर चालवायला त्याने 'ब्रिस' नावाच्या साबणाच्या नऊ जाहिराती केल्या. पाच लग्नं आणि नऊ मुलं असलेल्या माणसाला पोटापाण्याची काळजी कायमचीच होती. मोत्सार्टचा 'मॅजिक फ्लूट' त्याने टीव्हीसाठी केला, तोही लहान मुलांना घेऊन बसावं असा.

उदास आहे हे खरं, पण त्या उदासीला सूर आहे.

तालमीतून उचलून नेलेला माणूस

30 जानेवारी 1976. स्टॉकहोमच्या ड्रामाटेन या राष्ट्रीय नाट्यगृहात स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गच्या 'डान्स ऑफ डेथ'ची तालीम चालली होती. साध्या वेशातले दोन पोलीस आले आणि कर चुकवल्याच्या आरोपावरून बर्गमनला घेऊन गेले. परदेशी पैशांतून चित्रपट काढण्यासाठी त्याने स्वित्झर्लंडमध्ये एक कंपनी काढली होती आणि ती पुढे बंद केली होती. तिच्या आणि त्याच्या स्वीडनमधल्या कंपनीच्या दरम्यान झालेल्या व्यवहारावर खात्याने बोट ठेवलं होतं.

सात-आठ आठवड्यांत फौजदारी आरोप मागे घेतले गेले. सरकारी वकिलाने दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे: हे म्हणजे एखाद्याने दुसऱ्याची समजून स्वतःचीच गाडी चोरली म्हणून त्याच्यावर खटला भरण्यासारखं आहे! पण तोवर बर्गमन कोसळला होता. मनोरुग्ण विभागात दाखल झाला, आणि एप्रिलमध्ये 'एक्सप्रेसेन' या वर्तमानपत्रात पत्र लिहून देश सोडून गेला. पुढची काही वर्षं म्युनिकमध्ये जर्मन नटांना घेऊन नाटकं बसवत राहिला.

त्याच वर्षी लहान मुलांची लाडकी लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन हिने आपल्याला 102 टक्के दराने कर लागतोय हे हिशेबानिशी दाखवणारी एक परीकथा त्याच वर्तमानपत्रात लिहिली होती. सप्टेंबरच्या निवडणुकीत चाळीसहून जास्त वर्षं राज्य करणारा पक्ष पडला. या दोन प्रकरणांमुळेच पडला असं कुणी म्हणणार नाही, पण त्या निवडणुकीची गोष्ट ती वगळून सांगताही येत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की अधिकारी आला, गुन्हा सांगितला, कबुली मागितली. साठीला टेकलेल्या माणसाचं दहा वर्षांचं मूल झालं. परत येऊन त्याने जो मोठा चित्रपट केला तो 'फॅनी अँड अलेक्झांडर', बिशपच्या घरात कोंडलेल्या मुलाचा. त्याला चार ऑस्कर मिळाली. त्यानंतर त्याने मुख्यतः लेखणी आणि रंगभूमी धरली.

एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा

आपल्या घरांत जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. आजीचं पातळ आधी पातळ असतं, मग गोधडीचा वरचा थर, मग ती विरली की आतला थर. कापड तेच, जागा बदलते. बर्गमनचं बालपण हे असं कापड आहे, आणि कोणत्या साली ते कुठल्या थरात गेलंय हे बघणं म्हणजे त्याला वाचणं.

'लॅटर्ना मॅजिका'त वरच्या थराला आरोप आहेत: वेत, कपाट, परकर. तरुणपणी वडिलांशी झालेली मारामारी आणि घर सोडणं आहे. पण त्याच पुस्तकात 1966चा एक प्रसंग आहे. वडील इस्पितळात होते. आईने फोन करून सांगितलं, भेटून ये. हा म्हणाला, मला वेळ नाही आणि त्यांच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आई बर्फातून चालत स्वतः नाट्यगृहात आली आणि चिडून त्याच्या थोबाडीत मारली. हा हसायला गेला. ती रडायला लागली. मग दोघं बोलत बसले. काही दिवसांनी, एका रविवारी, ती हृदयविकाराने गेली.

तिच्यामागे तिजोरीत तिच्या डायऱ्या सापडल्या. वर्षानुवर्षं, रोज, बारीक अक्षरात, काही ठिकाणी खुणांच्या भाषेत लिहिलेल्या. तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हातारे एरिक बर्गमन भिंग घेऊन त्या उलगडत बसायचे. त्यांच्या ध्यानात आलं की पन्नासएक वर्षं ज्या बाईशी संसार केला, तिची ओळख आपल्याला आत्ता होते आहे.

इथून मुलाचा सूर बदलतो. 1991च्या 'डेन गोडा विलियन' या कादंबरीत, म्हणजे 'सद्हेतू', तो आपल्या जन्माआधीच्या वर्षांत जातो. आई-वडिलांची नावं थोडी बदलतो आणि दोन तरुण माणसं रंगवतो: एक गरीब, अभिमानी, दुखऱ्या मनाचा विद्यार्थी आणि एक खात्यापित्या घरची मुलगी, जिच्या आईला हा जावई अजिबात नको आहे. तिथे वडील न्यायाधीश नाहीत, घाबरलेला पंचविशीतला मुलगा आहेत. यावर बिली आउगुस्टने केलेल्या चित्रपटाला 1992 साली कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढच्या 'संडेज चिल्ड्रन'मध्ये आठ वर्षांचा मुलगा वडिलांच्या सायकलवर पुढे बसून प्रवचनाच्या गावी जातो, आणि मधूनच कथा चाळीस वर्षं पुढे उडी मारते: म्हातारा बाप, प्रौढ मुलगा, आणि अजूनही पूर्ण न मिटलेला राग. यावरचा चित्रपट बर्गमनच्याच मुलाने, डॅनियलने, दिग्दर्शित केला. तिसऱ्या, 'प्रायव्हेट कन्फेशन्स'मध्ये, आईचं लग्नाबाहेरचं प्रेम येतं, तिच्यावर ठपका न ठेवता. ते लिव्ह उलमनने, त्याच्या कितीतरी चित्रपटांतल्या अभिनेत्रीने, पडद्यावर आणलं.

1950च्या दशकापासून जो माणूस बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत आला, तो सत्तरी ओलांडल्यावर त्याच बापाचं वकीलपत्र घेतो. चित्रपटांपेक्षा पुस्तकांत हे जास्त स्पष्ट दिसतं, आणि मला वाटतं पुस्तकं वाचायचं खरं कारण हेच.

"पण तो खरं बोलतोय कशावरून?"

कशावरूनच नाही. 1970 साली त्याच्या दीर्घ मुलाखतींचं एक पुस्तक निघालं होतं. 1990च्या 'बिल्डर' (प्रतिमा) या पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की त्या मुलाखतींत मी आडपडदा ठेवून, खोटं वागून बोललो होतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या आठवणीत साखरेचं खोकं इतकं लख्ख कसं राहिलं, असं वाटलं तर त्यात वावगं काही नाही.

पण कुठल्याही घरात दोन भावंडांना बापाबद्दल विचारून बघा. एकाचा बाप कडक असतो, दुसऱ्याचा कष्टाळू. दोघं खोटं बोलत नसतात. बर्गमनचं आत्मचरित्र पंचनामा म्हणून वाचलं तर जागोजागी अडखळायला होईल. एखाद्या गोष्टीवेल्हाळ काकाने जेवणानंतर सांगितलेली हकिकत म्हणून वाचलं, तर कुठे मीठ-मसाला जास्त पडलाय ते आपोआप कळतं, आणि काकांनी नेमका तिथेच का टाकला हेही.

उलट काही ठिकाणी तो स्वतःला जराही वाचवत नाही. 1930च्या दशकात किशोरवयात तो जर्मनीत एका धर्मगुरूच्या कुटुंबात राहायला गेला होता. तिथे चर्चमधलं प्रवचन 'माइन काम्फ'वर व्हायचं. वाइमारच्या सभेत त्याने हिटलरला पाहिलं आणि भारावून गेला. वाढदिवसाला त्या कुटुंबाने हिटलरचा फोटो दिला, तो पलंगावर टांगला गेला. छळछावण्यांचे फोटो आले तेव्हा आधी हा अपप्रचारच वाटला, असंही तो लिहितो. हे कुणी शोधून काढलेलं नाही. जगभर नाव झालेल्या, सत्तरीला आलेल्या माणसाने आपण होऊन लिहिलंय. वाचून त्याला माफ करावं असं नाही, पण स्वतःवरचा कागद त्याने स्वतःच पुढे सरकवला एवढं खरं.

मुलांच्या बाबतीत हिशेब तेवढा चुकता झाला नाही. नऊ मुलांपैकी बहुतेकांना बाप क्वचितच भेटला. लेक लिन उलमन पुढे लेखिका झाली आणि म्हाताऱ्या बापावर तिने कादंबरी लिहिली. म्हणजे कापड आता पुढच्या पिढीच्या गोधडीत गेलं.

मग सुरुवात कुठून करायची?

काकांना मी सांगितलं ते इथेही सांगतो. 'सेव्हन्थ सील'पासून करू नका, चित्र ओळखीचं असलं तरी. 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (1957) बघा: एक म्हातारा डॉक्टर सुनेबरोबर गाडीतून मानद पदवी घ्यायला निघालाय आणि वाटेत त्याला आपलं आयुष्य भेटत जातं. दीड तासाचा आहे, आणि म्हातारपण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग 'फॅनी अँड अलेक्झांडर'. टीव्हीसाठी केलेली पाच तासांची आवृत्ती मिळाली तर तीच, दोन-तीन रात्रींत तुकड्या-तुकड्याने. 'पर्सोना' (1966) सगळ्यांत शेवटी. तोच तो चेहऱ्यांचा चित्रपट, ज्यात मी झोपलो होतो. न्यूमोनिया होऊन इस्पितळात पडल्या पडल्या त्याने तो लिहिला आणि याने माझा जीव वाचवला असं पुढे म्हटलं. जागेपणी पाहिला तेव्हा पटलं.

मधे 'लॅटर्ना मॅजिका' वाचा. इंग्रजीत सहज मिळतं. क्रमाने वाचायचा हट्ट नको. तोही क्रमाने सांगत नाही.

बर्गमन 30 जुलै 2007 रोजी फोरो बेटावर गेला. बाल्टिक समुद्रातलं हे खडकाळ बेट त्याला 1960 मध्ये चित्रीकरणाची जागा शोधताना सापडलं आणि त्याने तिथेच घर बांधलं. म्हातारपणी न्याहारीनंतर तो फिरायला निघायचा, कारण आपल्या मनातल्या भुतांना मोकळी हवा मानवत नाही असं त्याचं निरीक्षण होतं. मग लिहायला बसायचा. दुपारी तीनला जवळच्या कोठारात केलेल्या छोट्या चित्रपटगृहात सिनेमा. आता स्वीडनच्या 200 क्रोनांच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे आणि मागे त्या बाजूचे खडक. करखात्याने तालमीतून उचललेला माणूस नोटेवर जाऊन बसला, हे त्याला बहुधा आवडलं असतं.

'लॅटर्ना मॅजिका'चं शेवटचं पान त्याने स्वतः लिहिलेलं नाही, निदान तसं दाखवलंय. तिथे आईच्या डायरीतली जुलै 1918ची म्हणून एक नोंद दिली आहे. आई तापाने फणफणलीय, नवरा आजारी आणि कामाने पिचलेला, पैशांची ओढ. रविवारी सकाळी मुलगा झाला. हाडांचा सापळा, मोठं लालभडक नाक, डोळे उघडायला तयार नाही. आजाराने अंगावर दूध नाही. इस्पितळातच घाईघाईने त्याचा बाप्तिस्मा उरकला. देवाची प्रार्थना करते, पण विश्वास वाटत नाही, असं ती लिहिते. आपलं आपल्यालाच निभवावं लागेल, जमेल तसं.